अलेक्झांडर क्रमेल आणि ग्रीक व्याकरणाची कसोटी

इ. स. १८३५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात, कॅनान या गावी एक विलक्षण प्रकार घडला. नॉयस अकॅडमी ही शाळा तेथे त्याच वर्षी सुरू झाली होती आणि तीत गोऱ्या मुलांबरोबर कृष्णवर्णीय मुलांनाही प्रवेश होता. गावातल्या व आसपासच्या लोकांनी बैलांच्या कित्येक जोड्या आणल्या, शाळेच्या लाकडी इमारतीला साखळदंड बांधले आणि ती पायावरून उखडून ओढीत नेली. शाळा जाळल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत. ती बैल जुंपून ओढून नेल्याचे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही.

त्या शाळेत न्यूयॉर्कहून आलेला सोळा वर्षांचा एक विद्यार्थी होता. त्याचे नाव अलेक्झांडर क्रमेल. बाप आफ्रिकेतून पकडून आणलेला, पुढे दास्यातून सुटून न्यूयॉर्कात कालवे विकून संसार करणारा. ओनायडा येथील शाळेने या मुलाला आसरा दिला, आणि तेथेच धर्मोपदेशक होण्याचा त्याचा निश्चय झाला. परंतु १८३९ साली न्यूयॉर्कच्या एपिस्कोपल धर्मशिक्षणसंस्थेने त्याला त्याच्या वर्णाकरिता प्रवेश नाकारला. एपिस्कोपल पंथ म्हणजे इंग्लंडच्या चर्चची अमेरिकेतील शाखाच म्हणा ना! अन्यत्र अध्ययन करून १८४४ मध्ये त्याने पूर्ण दीक्षा मिळविली खरी. पण फिलाडेल्फियाच्या बिशपने अट घातली, की कृष्णवर्णीय उपाध्यायाने चर्चच्या सभेत बसण्याचा हक्क सांगता कामा नये. क्रमेलने ती अट साफ झिडकारली. देवळात यायला हरकत नाही, पण पंक्तीला बसायचे नाही, हा न्याय आपणां श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज आहे काय?

क्रमेल लहानपणी गुलामगिरीविरोधी मंडळाच्या कचेरीत निरोप्याचे काम करीत असे. दक्षिणेचे पुढारी कॅल्हून म्हणाले होते, की ग्रीक व्याकरण जाणणारा निग्रो दाखवा, म्हणजे तो माणूस आहे असे मी मानीन, ही गोष्ट त्याने तेथे ऐकली. आणि खरोखरच हा गृहस्थ इंग्लंडला गेला, केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात शिकला व १८५३ साली पदवीधर झाला. कॅल्हून १८५० मध्येच वारले होते. तसेही, माणूसपण व्याकरणाच्या परीक्षेवर टांगणाऱ्याने परीक्षेचा निकाल मान्य केला असता, असे आम्हांस वाटत नाही.

पुढची सुमारे वीस वर्षे त्याने पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात अध्यापन व धर्मोपदेश करण्यात घालविली. येथे त्याची एक उणीव सांगितली पाहिजे. आफ्रिकेच्या मूळच्या भाषा आणि चालीरीती यांविषयी त्याला आदर नव्हता. इंग्रजी आणि ख्रिस्ती धर्म यांनीच तेथील लोक सुधारतील, असे तो मानी. ज्या तराजूने त्याला हलके ठरविले होते, तोच त्याने दुसऱ्यांसाठी हाती घेतला.

१८७२ च्या सुमारास तो मायदेशी परतला. याच वेळी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. दोघांची गाठ पडल्याचा काही प्रश्नच नाही; पण तुलना करण्यासारखी आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी उच्च शिक्षणावरील खर्चापेक्षा बहुजनांचे प्राथमिक शिक्षण आधी पाहा, असा आग्रह धरला. क्रमेलचे म्हणणे वरवर पाहता याच्या उलट होते. आपल्या समाजाला केवळ सुतारकाम, लोहारकाम शिकवून भागणार नाही, त्यात विद्वान निर्माण झाले पाहिजेत, असे तो सांगे. तथापि विरोध दिसतो तितका नाही. पुण्यात वरची विद्या मूठभर वर्णांच्या हाती होती आणि खालची दारे बंद होती; अमेरिकेत गोरे दाते हातकामाचे दार उघडून देऊन वरच्या दाराशी पहारा करीत होते. प्रत्येकाने आपल्यापुढील बंद दारावर धक्का दिला.

वॉशिंग्टनमध्ये सेंट ल्यूक्स चर्च त्याने उभे केले. १८९७ च्या मार्चमध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्याने अमेरिकन निग्रो अकॅडमी स्थापन केली. कृष्णवर्णीय पंडितांनी निबंध वाचावेत, चर्चा करावी, ग्रंथ छापावेत, हा तिचा उद्देश. पुढच्याच वर्षी, १० सप्टेंबर रोजी त्याचे निधन झाले. ज्या पंथाने त्याला पाठशाळेबाहेर ठेवले, तोच आता ती तारीख त्याच्या स्मरणार्थ पाळतो. अकॅडमीचे अध्यक्षपद त्याच्यामागून तरुण डू बॉइस यांच्याकडे आले. त्यांनी १९०३ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात एक सबंध प्रकरण क्रमेलला वाहिले. आणि ती अकॅडमी १९२८ पर्यंत चालली.