बालकाचें यकृत आणि पितळी भांडें

आमच्या वऱ्हाडांतील जुनें स्वयंपाकघर अमरावतीच्या वाड्यांतलें असो कीं मोझरीसारख्या गांवांतलें, तांब्यापितळेच्या लखलखीत भांड्यांची मांडणी ही त्याची शोभा मानली जाई. त्याच मांडणीवरील एका भांड्याचा बालकांच्या एका दुर्धर व्याधीशीं संबंध होता, हें उमगण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

वर्ष-दीड वर्षाचें मूल किरकिरें होई, पोट फुगे, हातास कठीण यकृत लागे. पुढें कावीळ व जलोदर होऊन तें बहुधा दगावे. कलकत्त्याहून १८८७ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध झालें. एकाच घरांतलीं भावंडें ओळीनें जात, म्हणून कित्येकांनीं त्यास आनुवंशिक ठरविलें.

खरी अडचण निदानाची होती. वाढलेलें यकृत एकाच रोगाचें नसतें. कुपोषणानें सुजलेल्या मुलाच्या यकृतांत चरबी सांचते. आहार सुधारला कीं ती ओसरते. विल्सन यांनीं १९१२ सालीं वर्णिलेल्या रोगांत तांबें सांचतें, पण तेथें रक्तांतील सेरुलोप्लाझ्मिन हें प्रथिन बहुधा कमी आढळतें. या बालरोगांत तें कमी नसे, आणि पेशींत चरबीही नसे. मग खूण शोधावी कोठें?

ती यकृताच्या तुकड्यांतच सांपडली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडांतील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांचें काम येथें मोलाचें ठरलें. ओर्सीन रंग दिला कीं पेशींत गडद तपकिरी कण दिसत. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या भागांत तांबें सुमारें ५० मायक्रोग्रॅमांहून कमी असतें. या मुलांत तें त्याच्या कित्येक पट निघालें. उगमाविषयींचा त्यांचा तर्क १९८३ सालीं प्रसिद्ध झाला: पितळी भांड्यांत तापविलेलें व ठेवलेलें गाईम्हशीचें दूध, आणि तेंही फार लवकर सुरू केलेलें. दुधांतलें केसीन तांब्यास धरून ठेवतें. तान्ह्या बाळाचें यकृत तें पित्तावाटे टाकण्यास पुरतें समर्थ नसतें. कल्हईवाल्याचें मोल येथें कळतें!

ऑस्ट्रियाच्या पश्चिम भागांत १९०० ते १९७४ या काळांत १३८ बालकांस असाच आजार झाल्याचें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. तेथेंही भांडीं तांब्याचीं, बिनकल्हईचीं. वंशाचाही वाटा असावा असें तेथील अभ्यासकांस वाटलें; म्हणजे आमच्याकडील जुनी शंका अगदींच पोकळ नव्हती.

रोगाची पायरी ओळखणें हा जीवनमरणाचा प्रश्न होता. तांबें बाहेर काढणारें पेनिसिलॅमिन हें औषध कावीळ व जलोदर होण्यापूर्वीं मिळालें तर कांहीं मुलें वांचत. मागाहून दिलें तर बहुधा उपयोग होत नसे. पुढें घरोघरीं स्टीलचीं भांडीं आलीं, आणि हीं मुलें रुग्णालयांत जवळजवळ दिसेनाशीं झालीं.