हिवाळी बाग : पाहुणे आणि घरची माणसे

दिवाळीचे दिवे मालवले, की महाराष्ट्राच्या पठारावर घरबागेचा खरा हंगाम सुरू होतो. पावसाळ्यातील तण निघालेले असते, जमिनीत ओल शिल्लक असते, उन्हाचा ताव उतरलेला असतो आणि पहाटे अंगावर काही तरी पांघरावेसे वाटू लागते. पुणे, सातारा, नाशिक, नगर येथील अंगणांतून पुढील तीन-चार महिने जी शोभा दिसते, ती वैशाखात दिसत नाही आणि आषाढातही दिसत नाही. पुढल्या दारी शेवंती, झेंडू, ॲस्टर आणि फ्लॉक्स; मागल्या दारी मुळा, मेथी, कोबी, फुलकोबी आणि टोमॅटो यांचे वाफे. हे दृश्य इतके परिचयाचे झाले आहे, की ते पूर्वापार असेच चालत आले असावे असा समज सहज होतो. वस्तुतः या बागेतील कितीतरी मंडळी परदेशांतून आलेली आहेत. ती निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या वाटांनी आली. त्यांतील काही घरची माणसे झाली, तर काही अद्याप पाहुणचारच घेत आहेत. पाहुणा घरचा केव्हा होतो, याचे उत्तर या बागेच्या इतिहासात सापडते.

बागेचा जुना गाभा धर्माने आणि स्वयंपाकघराने घडविला. अंगणातील तुळशीवृंदावन, देवपूजेसाठी जास्वंद, कण्हेर आणि तगर. आणि परसात आळू, वांगी, वाल, पावटा, मुळा, चाकवत. परसाला निराळे पाणी क्वचितच मिळे. न्हाणीचे पाणी पाटाने आळवाकडे जाई आणि तेथून पुढे वाफ्यांत. कार्तिकात तुळशीचे लग्न लागे आणि पौषात भोगीच्या दिवशी हंगामाच्या सर्व भाज्या एका पातेल्यात एकत्र होत. पावटा, वांगे, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, तीळ आणि बाजरीची भाकरी हे भोगीचे जेवण म्हणजे हिवाळी मळ्याचा वार्षिक आढावाच होय. मात्र त्याच भाजीत पडणारी मिरची अमेरिकेतून आली आहे, हे जेवणाऱ्याच्या ध्यानीही नसते. घरात पुरते मिसळून जाणे म्हणतात ते हेच.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि पश्चिम किनाऱ्यावर नव्या जगातील वनस्पतींना दार उघडले. मिरची, काजू, पेरू, पपई, अननस अशी नावे सर्वांस ठाऊक आहेत. झेंडू आणि गुलछडी यांचेही मूळ मेक्सिकोत आहे, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. आज झेंडूच्या तोरणावाचून दसरा होत नाही. त्याच्या या यशाचे कारण साधे आहे. वाळलेले फूल कुसकरून मातीत टाकले तरी त्याचे रोप उगवते. बी कोणाकडून विकत आणावे लागत नाही, ते शेजारणीकडून ओंजळभर मिळते. ज्या वनस्पतीचे बी घरात धरता येते, ती एक-दोन पिढ्यांत घरची होते.

अठराव्या शतकात पुण्याचा विस्तार झाला, तेव्हा बागांचा पहिला प्रश्न पाण्याचा होता. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांचे पाणी नळाने शहरात आणण्यात आले आणि ठिकठिकाणी हौद बांधले गेले. याच काळात पर्वतीच्या परिसरात सारसबाग, हिराबाग यांसारखी स्थळे उभी राहिली. बागा धन्याच्या नावाने ओळखल्या जात. त्या राखण्याचे ज्ञान मात्र माळ्याच्या हाती असे. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. कलम केव्हा बांधावे, शेवंतीचा शेंडा किती वेळा खुडावा, कोणत्या वाफ्यास पाणी तोडावे, ही विद्या पुस्तकात नव्हती. ती बापाकडून मुलाकडे हातोहात जात होती.

इंग्रजी अंमलात बागेचे स्वरूप पुन्हा पालटले. १८३० मध्ये पश्चिम हिंदुस्थानासाठी कृषी व उद्यानविद्येची एक संस्था निघाली; पुण्याचे एम्प्रेस गार्डन पुढे तिच्याच देखरेखीखाली आले. १८७३ मध्ये गणेशखिंड येथे वनस्पती उद्यान स्थापन झाले. तेथील अधीक्षक जॉर्ज मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागकामावर पुस्तक लिहिले. अशा पुस्तकांची निकड होती, कारण विलायतेहून आलेल्या माणसाला येथे आपले पंचांगच उलटे करावे लागे. विलायतेत हिवाळा म्हणजे बागेची झोप. मार्चमध्ये बी पेरावे आणि जूनमध्ये फुले पाहावी, असा तेथील क्रम. तेच बी येथे मार्चमध्ये पेरले, तर रोपे एप्रिलच्या उन्हात करपून जात. म्हणून पेरणी भाद्रपद-आश्विनात करावी आणि फुलांचा बहर पौष-माघात घ्यावा, हा धडा अनुभवाने गिरवावा लागला. येथील हिवाळी दिवस जवळजवळ तेथील उन्हाळ्याइतकेच सौम्य, हे त्यामागील इंगित होते.

ज्यांना ‘विलायती फुले’ म्हणण्याचा प्रघात पडला, ती बहुधा विलायतेचीही नव्हती. फ्लॉक्सचे बी टॉमस ड्रमंड या संग्राहकाने १८३५ मध्ये टेक्सासहून इंग्लंडला धाडले. ॲस्टर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनमधून पॅरिसला पोहोचले. डेलिया, झिनिया आणि कॉसमॉस ही झेंडूचीच देशबांधव, म्हणजे मेक्सिकोची. इंग्लंड हा वाटेतला मुक्काम होता.

फुलांचे बी आले नाही तर डोळ्यांची हौस राहते. भाजीचे बी आले नाही तर ताट रिकामे राहते. कोबी हे याचे ठळक उदाहरण. कोबीला फुलावर येण्यासाठी काही आठवडे कडक थंडी लागते, पारा दहा अंशांच्या खाली राहावा लागतो. पुण्याच्या हिवाळ्यात गड्डा उत्तम धरतो. पण इतकी सलग थंडी मिळत नसल्यामुळे त्याला सहसा फूल येत नाही, आणि फूल नाही म्हणून बी नाही. परिणामी दरवर्षी बी समुद्रापलीकडून मागवावे लागे. दुसरे महायुद्ध पेटले आणि ही परावलंबिता उघडी पडली. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला व तेथील तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे उपासमारीने व रोगराईने मृत्युमुखी पडली आणि मुंबईत शिधावाटप सुरू झाले. ‘अधिक धान्य पिकवा’ ही घोषणा निघाली. परंतु बोटींची वाट धोक्याची झाल्याने परदेशी बियांचाही तुटवडा पडला. तेव्हा थंड हवेच्या क्वेट्टा भागात अशा भाज्यांचे बी तयार करण्यास प्रारंभ झाला. १९४७ च्या फाळणीत क्वेट्टा पाकिस्तानात गेले आणि तो आधारही तुटला. अखेर १९४९ मध्ये कुलूच्या खोऱ्यातील कटराईं येथे भाजीपाल्याच्या पैदाशीचे केंद्र उघडण्यात आले. परसातील चार गड्ड्यांमागे राज्यांच्या सीमांचा इतिहास असा उभा आहे.

फुलकोबीने मात्र निराळा मार्ग काढला. एकोणिसाव्या शतकात ती उत्तर हिंदुस्थानात आली, तेव्हा तीही थंडीचीच वनस्पती होती. तेथील शेतकऱ्यांनी उष्मा सोसून जी झाडे बीजावर आली, त्यांचेच बी वर्षानुवर्षे राखले. शंभर वर्षांत मैदानातच बी धरणाऱ्या नव्या जाती तयार झाल्या. कातकी, अघनी, पूसी, माघी ही त्यांची नावे. म्हणजे कार्तिक, मार्गशीर्ष, पौष आणि माघ. परक्या भाजीचे हे बारसे कोणा पंडिताने केले नाही. ते बी राखणाऱ्या शेतकऱ्यांनी केले.

शेवंतीचे उदाहरणही असेच बोधप्रद आहे. तिचे पुरातन घर चीन. ती दिवस लहान झाल्यावाचून फुलत नाही, हे माळ्यांना अनुभवाने माहीत होते. त्याचे शास्त्रीय विवेचन अमेरिकेतील गार्नर व ॲलर्ड यांनी १९२० मध्ये केले. दिवसाची लांबी ही वनस्पतीची घटिका असते, असे त्यांनी दाखविले. शेवंतीचे बी जपावे लागत नाही. बहर संपल्यावर बुडाशी फुटणारे धुमारे काढून लावले की पुरे. म्हणून ती कुंपणावरून घरोघर गेली.

परंतु प्रत्येक पाहुणा भला निघाला असेही नाही. शोभेसाठी अमेरिकेतून आणलेली घाणेरी कुंपण ओलांडून रानोमाळ पसरली आणि जंगलातील देशी झुडपांच्या मुळावर आली. घरबागेतील हौसेची किंमत कधी कधी अरण्याला द्यावी लागते.

आज वाडे जाऊन सदनिका आल्या आहेत. परसाची जागा गच्चीने आणि कुंड्यांनी घेतली आहे. बी पाकिटातून येते आणि ते पुष्कळदा संकरित असते. त्याचे पहिले पीक जोमदार येते, पण त्यापासून धरलेले बी मूळ गुण राखीत नाही. पुढच्या वर्षी नवे पाकीट घेणे भाग पडते. युद्धकाळात बोटींवर असलेले अवलंबन आता दुकानावर आले आहे, इतकाच फरक.

त्याला उतारा घरच्या बागेतच आहे. मेथी, मुळा, पावटा, वांगी, झेंडू यांच्या देशी, सरळ जाती अजून मिळतात. माघ सरता सरता वाफ्यातील सर्वांत निरोगी दोन-चार झाडे खुडू नयेत. शेंगा आणि फुले झाडावरच पिकू द्यावी, सावलीत वाळवावी, राखेत घोळून कोरड्या बरणीत ठेवावी आणि वर महिना व साल लिहावे. मुळ्याच्या एकाच झाडाचे बी धरू नये. चार झाडे शेजारी फुलू द्यावी, म्हणजे परागांची देवघेव होऊन बी सकस भरते. फाल्गुनात ऊन तापू लागते आणि वाफे ओस पडतात. ती बरणी मात्र पुढील भाद्रपदाची वाट पाहत फळीवर उभी असते.