सोळा बाइटांची नोंद

लिनक्सच्या जन्मकथेतच एक उद्ध्वस्त पार्टिशन आहे. १९९१-९२ च्या हिवाळ्यात हेलसिंकीत लिनस टोर्वाल्ड्सच्या संगणकावर मिनिक्स ही प्रणाली होती आणि त्याच डिस्कवर त्याची स्वतःची, अजून घडत असलेली प्रणालीही होती. विद्यापीठाच्या संगणकाशी फोनवरून जोडणी करण्यासाठी त्याने डायल करण्याची आज्ञा सोडली. ती मोडेमला न जाता थेट हार्ड डिस्कवर लिहिली गेली आणि मिनिक्सच्या पार्टिशनचा कळीचा भाग गेला. आता मिनिक्स पुन्हा बसवायचे की आपल्याच प्रणालीवर मुक्काम हलवायचा? लिनसने मुक्काम हलवला. कोणत्या फाइलवर कोणी लिहावे हे ठरवणाऱ्या परवानग्या त्याने लगोलग लिनक्समध्ये घातल्या, अशी त्याचा मित्र लार्स विर्झेनियस याची आठवण आहे.

तिथे डेटावरच घाव बसला होता. पार्टिशन चुकून डिलीट होते तेव्हा मात्र बहुधा तसे होत नाही. सातबाऱ्यावरची नोंद खोडली म्हणून शेत वाहून जात नाही. बांध जागच्या जागी असतात. हे बांध शोधून नोंद पुन्हा कशी लिहायची, ही विद्या मोजक्या प्रोग्रॅमरांनी मनापासून घडवली आणि सर्वांना फुकट दिली.

ही नोंदवही सुरू झाली १९८३ च्या मार्चमध्ये. आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि सोबत पीसी डॉस २.०. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या प्रणाली नांदाव्यात म्हणून पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये एक तक्ता ठेवला गेला. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडसाठी, ६४ बाइट तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन खुणेसाठी. तक्त्यात चारच ओळी, प्रत्येक सोळा बाइटांची: पार्टिशन कुठे सुरू होते, किती लांब आहे, कोणत्या प्रकारचे आहे. लिनक्सचा प्रकार ८३, स्वॅपचा ८२. या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कवर कुठेच नव्हती. लाखो लोकांचा डेटा पुढची पंचवीसएक वर्षे या ६४ बाइटांच्या भरवशावर राहिला, हे आज विचित्र वाटते.

लिनक्सवर पार्टिशन आखण्याचे एफडिस्क हे साधन उघडून ‘डी’ दाबले की पार्टिशन यादीतून जाते, पण तोवर डिस्कवर काहीही बदललेले नसते. ‘डब्ल्यू’ दाबले की तक्ता लिहिला जातो. डिलीट केलेले पार्टिशन वापरात असेल तर एफडिस्क कुरकुरते: डिस्क व्यस्त आहे, कर्नल अजून जुनाच तक्ता वापरत आहे. घाबरलेला माणूस ही सूचना वाचून संगणक बंद करतो, आणि नेमके तेच करायचे नसते. संगणक चालू आहे तोवर जुन्या पार्टिशनची सुरुवात आणि लांबी कर्नलच्या स्मृतीत असते आणि ‘सिस’ या डिरेक्टरीतल्या साध्या फाइलींमधून वाचता येते. ते दोन आकडे कागदावर उतरवून त्याच मापाचे पार्टिशन पुन्हा आखले, फॉरमॅट करण्याचा मोह टाळला, की फाइली जशाच्या तशा दिसतात.

रीबूट झाल्यावर मात्र बांध शोधावे लागतात. रेमी कार्ड, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांनी १९९३ मध्ये आणलेल्या एक्स्ट२ फाइलसिस्टिमची ठेवण इथे कामी येते. तिच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटांवर सुपरब्लॉक असतो. त्यात ईएफ५३ ही खूण, ब्लॉकचा आकार आणि एकूण ब्लॉकची संख्या असते, म्हणजे पार्टिशन केवढे होते ते फाइलसिस्टिमच सांगते. शिवाय सुपरब्लॉकच्या प्रती पुढे ठरावीक अंतरावर ठेवलेल्या असतात आणि आपण कितव्या गटात आहोत हे प्रत्येक प्रतीत नोंदलेले असते. सुरुवातीचा भाग चिरडला गेला तरी एखाद्या प्रतीवरून मागे मोजत मूळ जागी पोहोचता येते. एक्स्ट३ आणि एक्स्ट४ नेही हीच ठेवण चालवली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या खुणा वाचणारी साधने आली. मिखाइल ब्रझित्वाचे जीपार्ट डिस्क चाळून हरवलेल्या तक्त्याचा अंदाज बांधी. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी १९९८ मध्ये टेस्टडिस्क सुरू केले आणि ते आजही याच कामासाठी सर्वांत आधी आठवते. त्यातली सर्वांत शहाणी सोय अगदी साधी आहे: सापडलेल्या पार्टिशनवर ‘पी’ दाबले की त्यातल्या फाइलींची यादी दिसते. आपली ओळखीची नावे दिसल्याशिवाय तक्ता लिहायचाच नाही.

जुन्या तक्त्याला दोन टेराबाइटांपलीकडचे मोजता येत नव्हते, म्हणून जीपीटी आली. तिची एक प्रत डिस्कच्या आरंभी, दुसरी अगदी शेवटी. त्यामुळे डिलीट झालेले पार्टिशन आता आपोआप वाचते, असा समज आहे. तो चुकीचा आहे. आरंभीचा भाग बिघडला तर दुसरी प्रत तारते, पण पार्टिशन डिलीट करताना साधन दोन्ही प्रतींतून नोंद काढते. तिथेही अखेर टेस्टडिस्कचाच आधार.

एसएसडीने मात्र खेळ कठीण केला. नुसते पार्टिशन काढले तर एसएसडीवरही डेटा राहू शकतो. पण एक्स्ट४ चे नवे फॉरमॅट करताना लिनक्स मूळच्या सेटिंगनुसार जुने ब्लॉक टाकून द्यायला डिस्कला सांगते, आणि मग बहुधा कोणतेही साधन काही परत आणू शकत नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्या लिनक्स वापरकर्त्यांनी आजच एक काम करावे. एसएफडिस्कला ‘डंप’ सांगितले की सगळा तक्ता काही ओळींच्या मजकुरात मिळतो आणि तीच फाइल परत दिली की तक्ता जसाच्या तसा उभा राहतो. ती फाइल मात्र त्याच डिस्कवर ठेवू नये.