'हे' म्हणजे नेमके कोण? : एका सर्वनामाचा संगणकीय इतिहास

काही वर्षांपूर्वी एका छोट्या ग्रंथालयासाठी सभासद-नोंदणीचा अर्ज मी संगणकावर तयार करून दिला होता. हा विषय मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. पुस्तके समोर ठेवून, चुकत चुकत जेवढा आला तेवढा आला. अर्ज साधाच होता. पत्ता, दूरध्वनी वगैरे मजकूर शेवटी 'पाठवा' हे बटण दाबल्यावर उचलला जाई. नाव मात्र सभासद लिहीत असतानाच त्याच्या नोंदीत जाऊन बसावे, अशी मी व्यवस्था केली होती. पहिल्या दिवशी सतरा जणांनी अर्ज भरले. संध्याकाळी पाहतो तो सतरा पत्ते आहेत आणि नाव एकाचेही नाही. पडद्यावर चुकीची कसलीही सूचना आलेली नव्हती. ग्रंथपालबाईंनी एकेकाला फोन करून "आपण कोण बोलताय?" असे विचारले, तेव्हा माझी मान खाली गेली.

दोष सापडायला दोन रात्री लागल्या. तो एका सर्वनामात होता. जावास्क्रिप्ट या भाषेत 'धिस' असा एक शब्द आहे. इंग्रजीतला तोच, आपला 'हा, ही, हे'. मी लिहिले होते त्याचा अर्थ असा : 'ह्याचे नाव म्हणजे आत्ता लिहिलेला मजकूर.' माझ्या मनातले 'हे' म्हणजे सभासदाची नोंद. यंत्राच्या लेखी 'हे' म्हणजे ज्या चौकटीत मजकूर लिहिला जात होता ती चौकट. वेबपानावरच्या प्रत्येक चौकटीला स्वतःचे एक अंतर्गत नाव असू शकते. यंत्राने आज्ञाधारकपणे सभासदाचे नाव त्या चौकटीलाच देऊन टाकले. आज्ञा पाळली गेली होती, म्हणून तक्रार करण्याचे यंत्राला कारणच नव्हते.

हा शब्द या भाषेत आला कुठून आणि असा फितूर कसा झाला, याचा शोध तेव्हापासून घेत आलो. त्याचीच ही हकीकत.

ओस्लो ते पालो आल्टो

व्याकरणात आपण दर्शक आणि आत्मवाचक अशी सर्वनामे वेगळी शिकतो. 'हे उचल' या वाक्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या बोटावर अवलंबून असतो. बोट फिरले की अर्थ फिरतो. 'तो स्वतः आला' यातले 'स्वतः' मात्र आपल्या कर्त्याला सोडत नाही.

संगणकाच्या भाषांमध्ये 'धिस' आले ते नॉर्वेतून. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये उले-युहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी 'सिम्युला 67' ही भाषा घडवली. माहिती आणि तिच्यावर करायचे काम एकत्र बांधून त्याचे 'ऑब्जेक्ट' करावे, ही कल्पना त्यांची. अशा ऑब्जेक्टला स्वतःचा उल्लेख करण्यासाठी शब्द लागतो; त्यांनी 'धिस' निवडला. पुढे बेल लॅब्जमध्ये ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रूप यांनी सिम्युलापासून प्रेरणा घेऊन जी भाषा रचली आणि जी सी++ म्हणून प्रसिद्ध झाली, तिने तो उचलला; मग जावाने. कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात 'स्मॉलटॉक' रचली, तिने मात्र 'सेल्फ' हा आत्मवाचक शब्द घेतला. त्याच केंद्रात 1986 साली डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांनी ज्या नव्या भाषेचे काम आरंभले, तिचे नावच 'सेल्फ'.

शब्द कोणताही असो, या भाषांत घोटाळा होत नसे. तिथे काम ऑब्जेक्टच्या घरातच राही. ते उचलून दुसऱ्याच्या हाती देण्याची सर्रास पद्धत नव्हती. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने 'हे माझे' म्हटले तर कोणते घर, असा प्रश्न पडत नाही.

दहा दिवस

1995 साली ब्रेंडन आइक नेटस्केप कंपनीत दाखल झाले. 'स्कीम' नावाची एक नेटकी, छोटी भाषा ब्राउझरमध्ये बसवायची, असे त्यांना सांगण्यात आले होते. नंतर वरून अट आली की भाषा जावासारखी दिसली पाहिजे. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी दहा दिवसांत तिचा पहिला नमुना उभा केला. नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरमध्ये जावास्क्रिप्ट.

या दहा दिवसांत दोन वंश एकत्र आले. स्कीमकडून आली मोकळी फंक्शने : हवे ते फंक्शन उचला, दुसऱ्याच्या हाती द्या, तो ते सवडीने चालवील. जावाच्या वळणाने आले 'धिस'. स्कीममध्ये 'धिस' नव्हते म्हणून फंक्शनांच्या मोकळेपणाचा त्रास नव्हता. जावात फंक्शने अशी सुटी फिरत नव्हती म्हणून 'धिस'चा त्रास नव्हता. दोन्ही गुण एका घरात नांदू लागले आणि त्यांच्या सांध्यात दोष जन्मला. फंक्शन लिहिताना 'धिस' कोण हे ठरत नाही. ते कोण कसे चालवतो यावर ठरते. बोट लिहिणाऱ्याचे नाही, बोलावणाऱ्याचे.

हे अटळ होते असेही नाही. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या पायथन भाषेत ऑब्जेक्टमधून काम उचलले की त्याचा धनी त्याच्यासोबतच येतो.

तरी आइक यांना दोष देण्याची घाई करू नये. त्या काळची गरज पाहावी. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम खरखरत असत. अर्जात वयाच्या चौकटीत अक्षर पडले तरी सगळा अर्ज दूरच्या संगणकाकडे जाई आणि बऱ्याच वेळाने 'चूक आहे' म्हणून परत येई. ती तपासणी वाचकाच्या ब्राउझरमध्येच व्हावी, हा जावास्क्रिप्टचा सुरुवातीचा एक मोठा उपयोग होता. चौकटीच्या वर्णनातच एक ओळ लिहायची : मजकूर बदलला की 'हे' तपास. 1987च्या हायपरकार्डमधील हायपरटॉक भाषेत 'अमुक घडले की तमुक कर' अशी लिहिण्याची पद्धत होती, तिचा हा वारसा. अशा एका ओळीत 'हे' म्हणजे ती चौकट, हा अर्थ कोणालाही पटेल असाच होता. नेटस्केपच्या त्या वेळच्या पुस्तिकेतही 'हिशेब करा' या बटणाने 'ह्याचा अर्ज' फंक्शनकडे सोपवल्याचे उदाहरण होते.

गाठ मारण्याचे प्रयोग

एका ओळीची फंक्शने पुढे शेकडो ओळींची झाली. 2000 साली वेबच्या मानकात 'अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर' आले. घटना घडली की कोणते फंक्शन चालवायचे ते चौकटीला बाहेरून सांगण्याची सोय. त्यात 'धिस' म्हणजे चौकट. त्याआधीच मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने 'अ‍ॅटॅच-इव्हेंट' आणले होते. त्यात 'धिस' म्हणजे ब्राउझरची संपूर्ण खिडकी. माझी ती ओळ एका ब्राउझरमध्ये चौकटीचे बारसे करील आणि दुसऱ्यात खिडकीचे. सभासद दोन्हीकडे बेनावच.

कारागिरांनी आपापले तोडगे काढले. बाहेरच 'धिस'ला 'दॅट' किंवा 'सेल्फ' अशा नावाच्या डबीत ठेवायचे आणि आत ती डबी वापरायची, हा सर्वांत जुना. भाषेनेही 1999च्या तिसऱ्या आवृत्तीत 'कॉल' आणि 'अ‍ॅप्लाय' ही साधने प्रमाणित केली. पण ती फंक्शन लगेच चालवतात, आणि अर्जातले फंक्शन तर माणूस चौकटीत लिहील तेव्हा चालायचे. आत्ता गाठ मारून नंतर चालेल असे काही हवे होते. 2005 साली सॅम स्टीव्हन्सन यांच्या 'प्रोटोटाइप' या संग्रहात ते मिळाले. नाव 'बाइंड', बांधणे. या फंक्शनमधले 'हे' म्हणजे अमुकच, अशी गाठ मारलेले नवे फंक्शन ते हाती देते.

भाषेच्या चौथ्या आवृत्तीवरून समितीत अनेक वर्षे वाद चालला. 2008च्या जुलैत तिची बैठक झाली आणि तो बेत सोडून समेट करण्याचे ठरले. बैठकीचे गाव ओस्लो. जिथे 'धिस' जन्मले तेच. पुढच्या वर्षी डिसेंबरात आलेल्या पाचव्या आवृत्तीत 'बाइंड' भाषेचा अधिकृत भाग झाले. सोबत एक 'कडक शिस्त'ही आली : धनी नसलेल्या फंक्शनने 'धिस' म्हटले तर खिडकीकडे बोट न दाखवता 'कोणीच नाही' असे उत्तर मिळावे. 2015च्या आवृत्तीत बाणाच्या खुणेची फंक्शने आली. त्यांना स्वतःचे 'धिस' नसते. ज्या मजकुरात ती लिहिली त्याचेच ती घेतात. वीस वर्षांनी बोट लिहिणाऱ्याच्या हाती परत आले, आणि तेही स्कीमच्याच मार्गाने.

फेसबुकने 2013 साली खुल्या केलेल्या 'रिअ‍ॅक्ट'ने आधी ही गाठ आपणहून मारून दिली. 2015 साली तिने भाषेतले नवे 'क्लास' स्वीकारले, तेव्हा ही सोय त्यांना दिली नाही. मग चौकटीत पहिले अक्षर पडताच कार्यक्रम कोसळे, कारण 'धिस' म्हणजे कोणीच नाही. अर्ज लिहिणाऱ्या हजारोंनी प्रत्येक फंक्शनसाठी 'बाइंड'ची एकेक ओळ गिरवली. 2019 साली आलेल्या 'हुक्स'मुळे तिथे 'धिस' न वापरताच काम भागू लागले.

कोसळणे लोकांना चिडवी. मला मात्र तो उपकार वाटतो. कोसळलेला कार्यक्रम निदान सांगतो की काही बिघडले. माझा अर्ज गप्प होता. आणि कडक शिस्तही मला वाचवू शकली नसती, कारण माझे 'हे' बेवारस नव्हते. ते नीट बांधलेले होते, फक्त भलत्याच धन्याशी. असा दोष कोणतीही आवृत्ती पकडत नाही. लिहिणाऱ्यालाच विचारावे लागते, हे कोण?

दुरुस्ती एका शब्दाची होती. फंक्शन चौकटीच्या हाती देण्यापूर्वी ते सभासदाच्या नोंदीशी 'बाइंड' केले. दुसऱ्या दिवशी एक आजोबा नातवाचा हात धरून आले. त्यांनी एका बोटाने, सावकाश, आपले पूर्ण नाव लिहिले. ग्रंथपालबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. नोंदीत नाव होते, वडिलांच्या नावासकट.