ॲझाइड-अल्काइन वलयनिर्मिती, ताम्र-उत्प्रेरित
ॲझाइड (तीन नायट्रोजन अणू ओळीने जोडलेला गट असणारे संयुग) व अल्काइन (दोन कार्बन अणूंत त्रिबंध असणारे संयुग) यांच्यापासून तांब्याच्या साहाय्याने ट्रायाझोल हे पाच अणूंचे वलय तयार करण्याची विक्रिया. या वलयात तीन नायट्रोजन व दोन कार्बन अणू असतात.

ही विक्रिया तांब्याशिवायही घडते. आर्थर मायकेल यांनी ती १८९३ मध्ये नोंदविली आणि म्यूनिक येथील रोल्फ हूसगेन (१९२०–२०२०) यांनी १९६० नंतर अशा विक्रियांचा पद्धतशीर अभ्यास केला. तथापि तीसाठी सामान्यतः दीर्घकाळ उष्णता द्यावी लागे आणि टोकाशी त्रिबंध असलेल्या अल्काइनांपासून दोन समघटकांचे (रेणुसूत्र तेच, पण रचना भिन्न असणाऱ्या संयुगांचे) मिश्रण मिळे. त्यामुळे तिचा उपयोग मर्यादित राहिला.

कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मॉर्टन मेल्डाल हे तांब्याच्या आयनांच्या सान्निध्यात अल्काइन व ॲसिल हॅलाइड यांची विक्रिया घडवीत असता, अल्काइन हे त्याच रेणूच्या दुसऱ्या टोकाच्या ॲझाइडाशी जोडले गेल्याचे आढळले. २००२ मध्ये त्यांनी आणि स्वतंत्रपणे अमेरिकेतील के. बॅरी शार्पलेस, व्हालेरी फोकिन व सहकाऱ्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. दुसऱ्या पद्धतीत मोरचूद व क जीवनसत्त्वाचे सोडियम लवण वापरतात. लवणामुळे मोरचुदाचे क्षपण होऊन क्युप्रस आयन मिळतो. तो अल्काइनाच्या टोकाच्या हायड्रोजनाची जागा घेतो व ॲझाइडाला ठराविक दिशेनेच जोडणी करावयास लावतो. यात तांब्याचे दोन अणू सहभागी असल्याचे फोकिन यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखविले. परिणामी विक्रिया पाण्यातही, सर्वसाधारण तापमानास होते आणि केवळ १,४-समघटक मिळतो. औषधे, बहुवारिके व रंजके यांच्या जोडणीसाठी ती म्हणूनच उपयुक्त ठरली.

तांबे जिवंत कोशिकांना विषारी असल्याने तेथे मात्र ही पद्धत अडते. २००४ मध्ये कॅरोलिन बर्टोझी यांनी तांब्याऐवजी आठ कार्बनांच्या वलयात कोंबलेल्या त्रिबंधाचा ताण वापरला. ताणामुळे अल्काइन आपणहून विक्रियाशील होते व कोशिकेला इजा न होता तिच्या पृष्ठावरील शर्करांना खूण करता येते. शार्पलेस, मेल्डाल व बर्टोझी यांना २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.