डाख आणि दाब : दोन तारांच्या सांध्याचा इतिहास

दोन तारा कायमच्या जोडायच्या तर मुख्य मार्ग दोनच. त्यांच्या फटीत वितळलेला धातू सोडून तो गोठू द्यायचा, म्हणजे डाख द्यायचा. किंवा धातूच्या छोट्या नळीत तार घालून ती नळी एवढ्या जोराने दाबायची की दोन्ही एकमेकींत रुतून बसाव्यात. पहिल्याला आज सर्रास सोल्डरिंग म्हणतात, दुसऱ्याला क्रिम्पिंग. घरी उत्तम संगीत ऐकण्याचा ज्यांना नाद आहे, त्या मंडळींत या दोहोंवरून हिरिरीने वाद चालतो. डाखाने आवाज दबतो, दाबाने तो मोकळा राहतो, असे एक म्हणतो. दुसरा नेमके उलट सांगतो. गेली पंचवीस वर्षे जुने रेडिओ आणि अँप्लिफायर उघडून पाहण्यात आणि त्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका जमवण्यात मी घालवली. या सांध्यांचा खरा इतिहास आवाजाचा कमी आणि विश्वासाचा जास्त आहे, असे माझे मत त्यातून बनले. सांधा पक्का आहे, याची हमी कोणी द्यायची, कारागिराच्या हाताने की त्याच्या हातातल्या हत्याराने, हा तो प्रश्न.

डाखाची विद्या आपल्याला परकी नाही. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकतो, धूर उठतो आणि मग कथील कापसाच्या बोळ्याने सरसर पसरते. नवसागर तांब्या-पितळेवरची गंजाची पापुद्री काढतो. ती निघाल्याशिवाय कथील धरत नाही. रेडिओच्या तारेवर हेच काम राळ करते, कारण नवसागराचा अंश मागे राहिला तर तो पुढे तार खातो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ला. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले, तर मिश्रण १८३ अंशांनाच एकदम पातळ होते आणि तितकेच एकदम गोठते. डाख म्हणजे नुसता गोंद नव्हे. कथील आणि तांबे यांच्या सीमेवर दोहोंचा मिळून एक नवाच पातळ थर तयार होतो. तो तयार झाला नाही, तर बाहेरून गोळा दिसतो आणि आत सांधा नसतो. आपले रेडिओ मेकॅनिक त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. टकटक केले की आवाज येणारा आणि पुन्हा जाणारा संच बहुधा याच रोगाचा.

व्हॉल्व्हच्या रेडिओत असे शेकडो सांधे हाताने दिलेले असत. विजेची डाखणी कारखान्यांतून बनू लागली; अर्न्स्ट झाक्स यांची ‘एर्सा’ ही जर्मन कंपनी १९२१ची. पण डाखणी कितीही सुधारली, तरी तार निवेपर्यंत हात हलू द्यायचा नाही, हे कौशल्य माणसाचेच राहिले. प्रत्येक सांधा म्हणजे एका कामगाराच्या दोन-तीन सेकंदांच्या एकाग्रतेची नोंद होती.

युद्धात ही एकाग्रता अपुरी पडू लागली. विमानांत आणि जहाजांत हजारो सांधे, सतत हादरे, आणि वेळ नाही. १९४१मध्ये यू. ए. व्हिटेकर यांनी अमेरिकेत ‘एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. पुढे ती ‘एएमपी’ या नावाने ओळखली गेली. डाखाविना, दाबून बसवायची टोके हा तिचा माल. आपले वायरमन ज्याला ‘थिंबल’ म्हणतात, ते याच कुळातले. पुरेशा दाबाखाली तारेवरची गंजाची पापुद्री फुटते, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि मध्ये हवेलाही जागा उरत नाही. पुढे पक्कडीला दातेरी खटका आला. दाब पूर्ण झाल्याशिवाय असली पक्कड उघडतच नाही. कारागीर थकला, कंटाळला, नवखा असला, तरी टोक, तार आणि साचा यांचे माप जुळलेले असले की सांधा तोच. हमी हातातून हत्यारात गेली ती इथे.

घरगुती संचांत मात्र हे संक्रमण सरळ रेषेत झाले नाही. छापील सर्किट आल्यावर एकाच वेळी शेकडो सांधे वितळत्या डाखाच्या लाटेवरून जाऊ लागले, म्हणजे डाख राहिला, हात गेला. तेव्हा अमेरिकेतील झेनिथ कंपनीने आपल्या दूरचित्रवाणी संचांत छापील सर्किट नाही, सगळे हाताने जोडलेले आहे, अशी जाहिरात वर्षानुवर्षे केली. हाताची हमी आता विकायची वस्तू झाली होती.

आवाजाचा हिशेबही करून पाहू. कथील-शिशाचा डाख तांब्याच्या साधारण साडेआठपट रोध करतो, हे खरे. पण दीड चौरस मिलिमीटर जाडीची तार पाच मीटर अंतरावरच्या स्पीकरपर्यंत नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.११ ओहम भरतो. त्याच जाडीचा एक मिलिमीटर लांब डाख भरतो ०.०००१ ओहम, म्हणजे हजारपटीने कमी. तेवढ्याने गाणे बदलत नाही. बदल होतो तो सांधा सैल झाल्यावर. पदरी तारेत डाख वर चढतो, ती तिथे ताठ होते आणि जिथे ताठपणा संपतो तिथे हलून हलून तुटते. डाख लावलेले टोक स्क्रूखाली आवळले, तर मऊ डाख हळूहळू पसरतो आणि पकड ढिली पडते. म्हणूनच नासाच्या मानकांत डाख दिलेली पदरी तार क्रिम्प करायला मनाई आहे. दोन चांगल्या पद्धती एकावर एक रचल्या, की तिसरी वाईट पद्धत तयार होते.

मग शिसे हद्दपार झाले. युरोपात १ जुलै २००६पासून आणि भारतात ई-कचरा नियमांनुसार १ मे २०१४पासून नव्या उपकरणांतील शिशावर बंधन आले. बिनशिशाचा डाख २१७ अंशांच्या आसपास वितळतो आणि चांगला जमूनही मळकट दिसतो. चकाकी पाहून सांधा ओळखणारी मेकॅनिकची नजर एका नियमाने निकामी झाली. शिवाय शुद्ध कथलाच्या मुलाम्याला केसासारखे धातूचे तंतू फुटतात. शिसे मिसळले की ती वाढ दबते. १९६०च्या दशकातील युरोपीय रेडिओंत असलेले एएफ ११४ ते एएफ ११७ हे ट्रान्झिस्टर आज मुके सापडतात ते याच तंतूंमुळे. डबीच्या आतून वाढलेला तंतू आतल्या भागांना चिकटतो. मेकॅनिक चौथा, डबीला जोडलेला पाय कापतात आणि संच बहुधा पुन्हा बोलू लागतो.

तरीही शिशाची बाजू मी घेणार नाही. डाखणीच्या धुरात शिसे जवळजवळ नसते, तो धूर राळेचा, आणि त्यानेही दमा जडतो. शिसे बोटांना लागते आणि जेवताना पोटात जाते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही ६०-४० डाखाचे रीळ सहज मिळते. कायद्याने नव्या संचाचे शिसे काढले, जुना संच जगवणाऱ्याच्या हाताचे नाही. त्याला हात धुवायला पाणी, खिडकीशी पंखा आणि बिनशिशाचा सांधा ओळखण्याचे शिक्षण कोणी द्यायचे, हे कुठेच लिहिलेले नाही.

ज्या सांध्याला हादरे बसणार, जो पुन्हा सोडवायचा नाही, तिथे दाब श्रेष्ठ. जिथे उद्या कोणीतरी तो भाग काढून नवा बसवणार आहे, तिथे डाख. कारण दाबलेले टोक कापून फेकावे लागते, डाख मात्र पुन्हा तापवला की सोडतो. साठ वर्षांपूर्वीचे रेडिओ आज दुरुस्त होतात ते या सोडण्याच्या गुणामुळे. पण सोडणारा डाख हवा, तसा सोडवणारा हातही हवा, आणि तो दुकानात रिळावर मिळत नाही.