गोळी आणि घड्याळ

अंगावर पित्त उठले, गांधी आल्या, की आमसुलाचा कोळ चोळण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. सकाळी उठल्याबरोबर ओळीने शिंका सुरू झाल्या, तर सुंठ उगाळून कपाळाला लावतात. आता या दोन्ही प्रसंगी औषधाच्या दुकानातून एक लहानशी गोळी येते, आणि ती गिळून पाच मिनिटे होतात न होतात तोच माणूस विचारतो, ‘अजून गुण कसा नाही?’ प्रश्न साधा आहे; पण त्या गोळीपर्यंत पोहोचण्यास मनुष्यजातीला सव्वाशे वर्षे लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे तासाभराची वाट पाहणे फारसे जड वाटू नये.

या इतिहासाचा आरंभ एका रोगी डॉक्टरापासून होतो. जॉन बोस्टॉक या इंग्रज वैद्याला दर उन्हाळ्यात डोळ्यांची आग, शिंका आणि छातीत कोंडल्यासारखे होई. १८१९ साली त्याने लंडनच्या वैद्यकसभेपुढे स्वतःच्याच दुखण्याचे वर्णन वाचले. कारण मात्र त्याला सापडले नाही. ते शोधले मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली याने. तोही याच व्याधीने गांजलेला. गवताचे परागकण त्याने स्वतःच्या नाकात आणि कातडीवर घालून पाहिले, आणि १८७३ साली निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. पुढे १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द बनवला. आपल्या मराठीत ‘वावडे’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो.

परंतु नाव दिल्याने रोग उमगत नाही. परागकण नाकात जातो; डोळ्यांना पाणी आणतो कोण? १९०७ साली हिस्टामीन हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले. १९१० पासून लंडनमध्ये हेन्री डेल आणि त्याचे सहकारी त्याचे गुण तपासू लागले. ते टोचले की जनावराचा रक्तदाब कोसळे, श्वासनलिका आवळे. हे सारे वावड्याच्या झटक्यासारखेच होते. १९२७ साली हेच द्रव्य आपल्या फुप्फुसांत आणि यकृतात मुळातच असते, असे सिद्ध झाले. म्हणजे शत्रू बाहेरून आलेला नव्हता. शरीराचा पहारेकरीच नको त्या वेळी धोक्याची घंटा बडवीत होता.

ही घंटा कशी थांबवावी? १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोव्हे आणि आन-मारी स्टाउब यांना असे एक द्रव्य सापडले, की ते दिलेला गिनीपिग हिस्टामीनच्या मारक मात्रेतूनही वाचे. ते माणसाला देण्यास फार विषारी होते. पण वाट उघडली. १९४२ साली, पॅरिस जर्मनांच्या टाचेखाली असताना, माणसाला देता येईल असे पहिले औषध फ्रान्समध्येच निघाले. बर्नार्ड हॅल्पर्न याने अभ्यासलेले ते अँटेर्गान. इकडे अमेरिकेत जॉर्ज रीव्हशल याने डायफेनहायड्रामीन शोधले. १९४६ साली ते बेनाड्रिल या नावाने बाजारात आले. बोव्हेला १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नवे औषध निघाले की त्याच्यामागे जाहिरात धावतेच. १९४९-५० च्या सुमारास अमेरिकेत या गोळ्या साध्या पडशावरचा रामबाण म्हणून खपवल्या गेल्या. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९५० साली अर्ध्या रोग्यांना खरी आणि अर्ध्यांना नकली गोळी देऊन परीक्षा घेतली. दोहोंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही! पडसे विषाणूचे, तेथे ही गोळी काय करणार?

आता घड्याळाकडे वळू. गोळी पोटात विरघळावी लागते, आतड्यातून रक्तात उतरावी लागते, आणि मग रक्ताबरोबर नाकाकातडीपर्यंत जावी लागते. सभागृहातील खुर्च्यांची कल्पना करा. हिस्टामीन ज्या खुर्चीवर बसून दंगा करते, तीच खुर्ची हे औषध अडवून ठेवते. पण आधी बसलेल्याने जो गोंधळ घातला, म्हणजे जी सूज आणली, ती खुर्ची अडवल्याने क्षणात नाहीशी होत नाही. ती हळूहळूच ओसरते. म्हणून जुने डायफेनहायड्रामीन पाव तास ते तासाभरात गुण देते आणि चार-सहा तासांत उतरते. सेटिरिझीनला साधारण तास लागतो, फेक्सोफेनाडीनला एक ते दोन तास, लोराटाडीनला एक ते तीन. पण या तिन्हींचा अंमल बहुधा दिवसभर टिकतो. फेक्सोफेनाडीन फळांच्या रसाबरोबर घेतले तर अंगात कमी उतरते. ते पाण्याबरोबरच घ्यावे. शिंका आणि खाज लवकर थांबतात, चोंदलेले नाक मात्र या गोळ्यांना फारसे दाद देत नाही. ज्याला त्रासाचा ऋतू ठाऊक आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच गोळी सुरू केली, तर खुर्ची आधीच अडवली जाते.

जुन्या गोळ्या मेंदूतही शिरतात आणि झोप आणतात. कामगार संघटनेचे काम करताना आम्हांला याचा अर्थ फार जवळून कळला. एका कारखान्यात, अंगाला खाज सुटली म्हणून दवाखान्यातून दिलेली गोळी घेऊन एक कामगार पाळीवर गेला, यंत्रापाशी पेंगला आणि बोट गमावून बसला. चौकशीत ‘निष्काळजीपणा’ असा शेरा पडला. गोळी कोणती होती, आणि तिच्याने झोप येते हे त्याला कोणी सांगितले होते काय, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते. ते आम्हांला विचारावे लागले. कमी गुंगी आणणाऱ्या औषधांचा शोध ही चैन नव्हती, हे अशा वेळी पटते. त्या वाटेवरही ठेच लागलीच. टर्फेनाडीनला अमेरिकेत १९८५ साली परवानगी मिळाली. पण काही अन्य औषधांबरोबर ते हृदयाची लय बिघडवते असे दिसून आले, आणि १९९८ साली ते तेथील बाजारातून गेले. शरीरात त्याच्यापासून बनणारे फेक्सोफेनाडीन त्याच्या जागी आले.

आपल्या पुण्याशीही या विषयाचा संबंध आहे. १९५५-५६ च्या सुमारास येथे गाजर गवत प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने कातडीवर उठणारा इसब हे वावड्याचेच एक रूप. पण त्याची जात निराळी, मंदगतीची. त्यात हिस्टामीनचा हात थोडा, म्हणून गोळीचा उपयोगही थोडा. तेथे खरा उपाय गवतापासून दूर राहणे हाच.

आणि एक गोष्ट घराघरांत माहीत असावी. मधमाशीचा दंश, शेंगदाणा किंवा एखादे इंजेक्शन यानंतर घसा आवळू लागला, श्वास लागला, माणूस गळून पडू लागला, तर गोळी देऊन वाट पाहत बसू नये. तेथे तासाचा हिशेब चालत नाही, मिनिटांचा चालतो. अशा वेळी मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन आणि तत्काळ रुग्णालय, एवढाच मार्ग आहे. शिंकेसाठी तासभर थांबावे. श्वासासाठी एक मिनिटही थांबू नये.